काकांची सही

६ फेब्रुवारी

वकीलबाईंनी सांगितलं, आजपासून एक वही घाला. जे घडेल ते तारीख टाकून लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. "आठवण रोज नवे कपडे घालून येते," त्या म्हणाल्या. "वहीला तो शौक नसतो." म्हणून कारखान्याच्या कपाटातली ही जाड पुठ्ठ्याची वही घेतली. ती कारखान्याची आहे. नवी आणून तिच्या जागी ठेवायला हवी.

काल टपालवाल्याने दोन पाकिटं आणली. एक काकांच्या नावाचं, एक माझ्या. पोच म्हणून दोन्हींसाठी सही मीच केली. आत मजकूर एकच. कंपनीने वखारीला लाकडापोटी दिलेला चेक न वटता परत आला आहे. पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास कंपनी आणि तिचे दोन्ही संचालक यांच्यावर फौजदारी खटला दाखल करण्यात येईल. त्यातली दुसरी संचालक म्हणजे मी.

कंपनी म्हणजे आमचा पेट्यांचा कारखाना. पत्र्याचं छप्पर, एक मोठी पट्टा-करवत, दोन सुतार आणि काका. पंप ज्या लाकडी पेट्यांतून परगावी जातात त्या आम्ही करतो. सात वर्षांपूर्वी पंपवाल्यांनी सांगितलं, आम्ही माणसाकडून माल घेत नाही, कंपनीकडून घेतो. आणि कंपनीला दोन संचालक लागतात. वडील गेल्यापासून आई आणि मी काकांच्याच घरी. आईला आणि काकूला अक्षरओळख नाही. काका म्हणाले, "कशावर सही करतोय ते वाचता येणारं या घरात एकच माणूस आहे. मास्तरीणबाई." काका मला लहानपणापासून तसंच म्हणतात. मी एकोणीस वर्षांची होते. त्या दिवशी आईने भिंतीवरचा आरसा पुसला आणि मला त्याच्यासमोर उभं केलं.

वकीलबाईंची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. त्यांनी फार सोपं करून सांगितलं. "कंपनी तुरुंगात जात नाही. तिला पाय नाहीत. म्हणून कायदा विचारतो, कंपनीच्या आत कोण होतं? नुसतं संचालक म्हणून नाव असणं हा गुन्हा नाही. पाहायच्या दोन गोष्टी. चेकवर सही कोणाची, आणि तेव्हा रोजचा कारभार कोणाच्या हातात होता?"

"सही माझी," काका म्हणाले. "कारभारही माझा. तिचा काही संबंध नाही."

इतक्या झटकन म्हणाले की वकीलबाईंचं पेन उघडायचं राहिलं होतं.

मी गप्प बसले. सही काकांच्या नावाची आहे, पण ती मी केली आहे. हे इथे लिहावं की नाही याचा बराच वेळ विचार केला. खोडू नका असं त्यांनी सांगितलं आहे. न लिहिणं हेही खोडणंच.

७ फेब्रुवारी

कालचं अर्धवट राहिलं.

मी चौथीत असताना काका अंगठा लावायचे. वखारीतले लोक त्यांना हसायचे. एकदा घरी येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, माझं नाव काढून दे, मी गिरवतो." स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने मी ते काढून दिलं. आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या, सहीखाली रेघ मारली की सही पळून जात नाही. म्हणून नावाखाली रेघ, सुरुवातीला गळासारखा छोटा आकडा, शेवटी दोन टिंबं. माझी सही तशीच होती, काकांचीही तशीच झाली. ते अक्षरं लिहीत नसत, चित्र काढत. पण चित्र बरोबर यायचं. बँकेत नमुना म्हणून तेच चित्र आहे.

चार वर्षांपूर्वी करवतीने त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याचं पेर आणि पहिलं बोट नेलं. पेन धरता येईना. बँकेत जाऊन नमुना बदलून घ्यायला हवा होता. मी तसं म्हटलंही. काका म्हणाले, "म्हणजे पुन्हा अंगठेबहाद्दर? आणि अंगठा तरी कुठाय?" सगळे हसले, ते स्वतःही हसले. मग चेकबुक माझ्यापुढे सरकवलं. "तूच शिकवलीस. तुझीच आहे. तूच कर."

तेव्हापासून काकांची सही मी करते.

या चेकच्या दिवशी मी म्हटलं होतं, "काका, खात्यात एवढे नाहीत." ते म्हणाले, "पंपवाल्यांचे गुरुवारी येतायत. लिही." मी लिहिला. वखारवाल्यांना फोनही मीच केला, शुक्रवारी टाका म्हणून. गुरुवारी पैसे आले नाहीत. शुक्रवारी सकाळी मी बँकेत गेले होते, तेव्हा मला कळलं. वखारीत फोन करून थांबवता आलं असतं. मला वाटलं, दुपारपर्यंत येतील.

९ फेब्रुवारी

आज काकांनी माझ्याकडून किल्ल्या घेतल्या.

सकाळी प्लायवूडचा गठ्ठा आला. मागच्या महिन्यात पैसे भरून ठेवलेला माल. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात निळ्या घोड्याचा शिक्का आणि गठ्ठ्याचा आकडा ४१७. मी नेहमीसारखी आवक-वहीत नोंद करत होते. काका आले, वही बंद केली आणि म्हणाले, "उद्यापासून तू इथे यायचं नाही."

"आणि नोंदी?"

"माझ्या डोक्यात राहतील."

"तुमच्या डोक्यात राहिल्या असत्या तर..." मी म्हटलं, आणि पुढचं गिळलं.

"तर काय? बोल ना!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की सुतारांनी रंधे थांबवले. "तुला काय कळतं पेट्यांतलं? चार पुस्तकं शिकलीस म्हणून कारखाना चालवायला लागलीस का? घरी बस."

मी घरी येईपर्यंत रडले नाही. वाटेत लक्षात आलं, माझं मस्टर तिथेच राहिलं. त्यात आजची माझी हजेरी लागलेली आहे आणि मी काम तर केलं नाही.

१४ फेब्रुवारी

नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. दीड वर्षापूर्वी परीक्षा दिली होती. माझी निवड झाली आहे. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच. काकूने पत्र हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठाय?" मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं. मग बोट ओलं होतं म्हणून पदराने पत्र पुसलं.

सोबत भरायचा फॉर्म आहे. मेअखेरपर्यंत द्यायचा. नाव, पत्ता, शिक्षण. अकरावा प्रश्न: तुमच्यावर कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? होय / नाही.

आज तरी नाही. पण फॉर्म मी भरला नाही. आज 'नाही' लिहून टाकणं म्हणजे पाऊस यायच्या आत वाळवण गुंडाळण्यासारखं वाटलं. ते शहाणपण आहे, तरी मला जमलं नाही.

काकांना पत्र दाखवायला गेले. ते जेवत होते. डाव्या हाताने पत्र बाजूला केलं. "बरं झालं. तिकडेच राहा." एवढंच.

मास्तरीणबाई म्हणाले नाहीत.

२० फेब्रुवारी

पंधरा दिवस संपले. पैसे जमले नाहीत. पंपवाल्यांचं फाटक बंद आहे, रखवालदार म्हणतो साहेब बाहेर गेलेत.

काका सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून एकटेच वखारीत गेले. दुपारी आले ते मान खाली घालून. काकूने विचारलं, "काय म्हणाला?" "बघू म्हणाला." मग कारखान्यात जाऊन बराच वेळ करवतीच्या चाकाला तेल देत बसले होते, असं नंतर काकूने सांगितलं. काल दिलं होतं, आज पुन्हा दिलं.

मुदत मागायला गेले असणार. मला बरोबर नेलं असतं तर मी तारखा नीट सांगितल्या असत्या.

२६ फेब्रुवारी

काका आणि मी वकीलबाईंकडे गेलो. त्या कोर्टात होत्या. त्यांचे कारकून, जे कायम सुपारी कातरत असतात, म्हणाले, "ताई, एक सांगू? तुमचा राजीनामा आहे."

"कुठला राजीनामा?"

"तोच तर. नाहीये, पण असू शकतो. गेल्या वर्षीच्या तारखेचा. चेक नंतरचा, तुम्ही आधीच बाहेर. साप भी मरे..."

मी म्हटलं, "गेल्या वर्षी मी राजीनामा दिलेला नाही."

"म्हणून तर आज द्यायचा."

काका म्हणाले, "टाक ना सही करून. कुठली हरिश्चंद्राची नात लागून गेलीस?"

मी केली नाही. घरी येईपर्यंत काका चार पावलं पुढेच चालत राहिले. त्यांना मी कंपनीतून जायला हवी आहे, हे आता स्पष्ट दिसतं. ज्या मुलीला हौसेने आत घेतलं तिला आता मागच्या तारखेने बाहेर काढायचं आहे.

४ मार्च

आज बाजूच्या वेल्डिंगवाल्याशी काका बोलत होते. मी आईला औषध आणायला चालले होते, भिंतीआडून ऐकू आलं.

"पोरगी दिसत नाही हल्ली," वेल्डिंगवाला म्हणाला.

"ती कधी होती इथे?" काका म्हणाले. "डबा द्यायला यायची. तिला यातलं काही कळत नाही. नुसतं नाव आहे."

सात वर्षं. रोज सकाळी आठ ते सहा. भुशाने माझे दोन चष्मे खराब झाले.

काकांना माझी गरज संपली. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

१९ मार्च

खटला दाखल झाला. समन्समध्ये आरोपी क्रमांक एक कंपनी, दोन काका, तीन मी. वकीलबाईंनी तक्रार वाचून दाखवली. माझ्याबद्दल एकच वाक्य आहे: आरोपी क्रमांक दोन व तीन हे संचालक असून कंपनीचा कारभार पाहतात.

"हे पुरत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनी सांगायला हवं. नुसतं संचालक आहे म्हणून ओढून चालत नाही. तुमचं नाव वगळावं असा अर्ज करू. मात्र वखारवाले कोर्टात काय बोलतात त्यावर आहे. तुमचा त्यांच्याशी कधी संबंध आला होता का?"

मी तोंड उघडलं. काका म्हणाले, "नाही."

अकराव्या प्रश्नाचं उत्तर आज 'होय' आहे.

२ एप्रिल

दोन आठवड्यांत लिहिण्यासारखं काही नाही. झोप नीट लागत नाही, दिवसा पेंग येते. आई म्हणते डोळ्यांखाली काळं झालंय. मी म्हटलं, शाई.

काकांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीचं काळं लागलेलं असतं. साबणाने जात नाही. आता मापं त्यांनाच टिपावी लागत असणार. मी असते तर ही वेळ आली नसती.

११ एप्रिल

काकू शेगडीत प्लायचे तुकडे जाळत होती. चांगले हातभर तुकडे, पेट्यांच्या आतल्या फळीला सहज चालतील असे. मी म्हटलं, "काकू, हे कशाला जाळतेस?" एक उचलायला गेले तर तिने तो हिसकावला आणि आत सारला. बोट भाजलं तिचं. त्याच्यावर पेन्सिलीने काहीतरी होतं, ओळींवर ओळी.

"मापं चुकलीत," काकू म्हणाली. "काका म्हणाले जाळ."

इतकी मापं चुकतात? काका पूर्वी डोळ्याने लाकूड मोजायचे. मला वाईट वाटलं. माणूस खचला की आधी हात चुकतो. रागात होते तरी संध्याकाळी त्यांच्या ताटाशेजारी पाणी मीच ठेवलं.

१८ एप्रिल

आज एकटीच वकीलबाईंकडे गेले आणि सांगितलं, चेकवरची सही माझ्या हातची आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून खिडकी लावली. खाली कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, तो आवाज बंद झाला.

"तुम्ही आत्ता काय म्हणालात ते मला सायकलवाल्याच्या आवाजात ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी म्हटलं की..."

"ताई. मला खोटं बोलता येत नाही. पण ऐकू न येणं जमतं. आधी घरी जा, काकांशी बोला, मग काय सांगायचं ते ठरवून या. आणि ती वही सांभाळा. कोर्टात आणा असं मी म्हणेपर्यंत आणू नका."

घरी आल्यावर काकांना सांगितलं की मी जजसाहेबांना खरं सांगणार आहे. वाटलं होतं ओरडतील. ते पायऱ्यांवर बसले होते. शेजारी जागा केली. कित्येक आठवड्यांनी.

"चेक दे म्हणून कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग? हात तुझा होता, शब्द माझा होता. करवतीने लाकूड कापलं म्हणून कोणी करवतीला पकडतं का?"

"करवतीला खात्यात किती आहेत ते माहीत नसतं, काका. मला माहीत होतं."

तुटक्या बोटाने गुडघा खाजवत राहिले. मग म्हणाले, "कोर्टात विचारल्याशिवाय बोलायचं नाही. एवढं ऐक." आणि उठून गेले.

१२ मे

आज कोर्ट झालं. जसं घडलं तसं लिहिते.

खोली लहान होती, पंखा एकच, तोही जजसाहेबांच्या टेबलावर. आमच्या आधी अकरा प्रकरणं झाली. मी ठरवून गेले होते. पहिलं वाक्यही पाठ केलं होतं: साहेब, सहीबाबत मला काही सांगायचं आहे.

वकीलबाईंनी अर्ज वाचला. जजसाहेबांनी वखारवाल्यांना विचारलं, "या बाईंनी नेमकं काय केलं?"

फोन माझाच होता. शुक्रवारी टाका, हे माझंच वाक्य. वखारवाले थोराड अंगाचे आहेत, बोलताना दम लागतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. म्हणाले, "माझा व्यवहार ह्याच्याशी. पोरगी असेल कागदावर. मला काय माहीत."

त्यांचा वकील गडबडला. काहीतरी पालटलं आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, पण सहीचा प्रश्न आहे. आरोपी क्रमांक दोनचा हात बघा. या हाताने ही सही होऊच शकत नाही. मग केली कोणी? घरात लिहिता येणारं दुसरं कोण आहे?"

सगळ्यांनी काकांच्या हाताकडे पाहिलं. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, सहीबाबत..."

"तुम्हाला विचारलं की बोला," जजसाहेब म्हणाले. मी बसले.

त्यांनी कोरा कागद काकांपुढे सरकवला. "करा सही."

काकांनी पेन मधल्या आणि तिसऱ्या बोटांत चिमट्यासारखं धरलं. असं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मनगट टेबलावर टेकवलं. मला वाटलं, आता लाज जाणार. पण हात सुतासारखा सरळ गेला. नाव, खाली रेघ, सुरुवातीला आकडा, शेवटी दोन टिंबं. जजसाहेबांनी चष्मा वर करून चेक पाहिला, कागद पाहिला, पुन्हा चेक पाहिला.

"चांगली सही आहे," ते म्हणाले.

"पुतणीने शिकवली, साहेब," काका म्हणाले. "लहान असताना. आता तिला यातलं काही माहीत नाही. तिचं लक्ष पुस्तकात असतं."

माझं नाव वगळलं. यादीतलं पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

मला दुसऱ्यांदा उठता आलं असतं. उठले नाही. हे इथे लिहून ठेवते.

बाहेर पडण्याआधी कोर्टाच्या कारकुनाने हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकांच्या सहीखाली माझी. पेन टेकवलं आणि लक्षात आलं, दोन्ही रेघा एकाखाली एक येतील, तोच आकडा, तीच टिंबं. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल. मी नाव लिहिलं आणि रेघ मारलीच नाही. चौथीपासून पहिल्यांदा. खोटं बोलायला तोंड लागतं असं मला वाटायचं.

परत येताना विचारलं, "काका, कधी जमलं हे?"

"त्यात काय. फळी सरळ कापता आली की रेघ येतेच."

१५ मे

ताप. काही नाही.

२४ मे

काकांची पुढची तारीख होती. वखारवाल्यांनी तडजोड लिहून दिली, तक्रार मागे घेतली. इतक्या सहज कशी, हे वकीलबाईंनी सांगितलं नाही, मला वाटतं त्यांनाही सायकलवाल्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

नोंदणी कार्यालयाला फॉर्म द्यायला सात दिवस उरलेत.

३० मे

आज कारखान्यात गेले. नऊ फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. कोणी बोलावलं नव्हतं. आवक-वही परत मागायची होती, तिच्यात माझी शेवटची नोंद अर्धी आहे.

आत गेले आणि आधी आवाज कमी वाटला. मग दिसलं. करवत नाही. जिथे होती तिथे जमिनीवर एक स्वच्छ चौकोन आहे, चार बोल्टांची भोकं, आजूबाजूला सगळीकडे भुसा. एक सुतार हातकरवतीने कापत होता. दुसरा दिसला नाही.

"वखारीत बसवलीय," काका म्हणाले. "तिथे जागा चांगली आहे तिला."

"कधी ठरलं हे?"

"झालं ते झालं. गुण्या दे तो कोपऱ्यातला."

कोपऱ्यात माझं टेबल होतं, भिंतीकडे तोंड करून ढकललेलं. काटकोन तपासायचा तो गुण्या त्याच्या मागे पडला होता. काढायला वाकले तर भिंतीला टेकवून ठेवलेले प्लायचे तुकडे दिसले. काकूने जाळले त्यातून उरलेले असणार. एक उलटा केला.

काकांची सही. ओळीवर ओळ. वरून खालपर्यंत. दुसऱ्या तुकड्यावरही. तिसऱ्यावरही. सगळ्यात मागचा तुकडा काढला, त्याच्यावर सही नव्हतीच, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं काहीतरी होतं. रेघ आडवी जायच्या ऐवजी खाली घसरली होती. एके ठिकाणी पेन्सिल तुटून लाकडात रुतली होती. त्या तुकड्याच्या कोपऱ्यात निळा घोडा होता. ४१७.

तो गठ्ठा ज्या दिवशी आला, त्या दिवशी किल्ल्या घेतल्या होत्या. त्या गठ्ठ्यातलं प्लाय आठवड्यात संपतं, माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. म्हणजे गिरवणं त्याच आठवड्यात सुरू झालं होतं.

मी किती वेळ वाकून होते कोण जाणे. काका मागे येऊन उभे राहिले. मला वळता येईना.

"पाटी फुकट मिळाली," ते म्हणाले. "म्हटलं गिरवावं."

मी तुकडा हातात घेऊन वळले.

"आता बघतेच आहेस तर नीट तपास, मास्तरीणबाई. चुकल्या असतील तिथे लाल पेन्सिलीने दाखव. उगाच पास करू नकोस."

तपासल्या. खरंच तपासल्या, दुसरं काय करावं ते सुचलं नाही. कानावरची त्यांचीच पेन्सिल घेतली. शेवटच्या तुकड्यावर एकही चूक नव्हती. मला दाखवता येईल अशी तर नव्हतीच.

३१ मे

ही वही पहिल्यापासून वाचली. चार मार्चला एक वाक्य आहे, 'काकांना माझी गरज संपली.' ते खोडावंसं वाटतं. नऊ फेब्रुवारीचंही, सव्वीसचंही. पण वकीलबाईंनी सांगितलं आहे, चूक झाली तरी खोडायचं नाही. असू दे. कोणी वाचलंच तर त्याला कळेल की माझं डोकं किती चालतं. काका कोर्टात म्हणाले, तिला यातलं काही माहीत नाही. तेवढं एक त्यांचं बोलणं खरं निघालं.

सकाळी मी काकांना सगळी वही वाचून दाखवली. सात फेब्रुवारीचं पानही. ते फळी तासत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बरं लिहिलंस. पेन दे." त्या पानाच्या शेवटच्या कोऱ्या जागेत, मी केलं ते सगळं जिथे लिहिलंय त्याच्या खाली, त्यांनी मधल्या बोटांत पेन धरून स्वतःची सही केली. वाकडी आली. त्यांनी ती तशीच ठेवली. "घे. आता हे माझं."

मग कपाटातून फॉर्म काढला. आज द्यायचा शेवटचा दिवस आहे. नाव, पत्ता, शिक्षण सगळं भरलं. अकराव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. कागदोपत्री ते खरं आहे. खाली माझी सही केली, रेघेसकट, आकडा आणि दोन टिंबांसकट.

हात माझा होता. शब्द काकांचा.